बोर्ड होता, पण वळणाच्या पलीकडे

२९ ऑगस्ट २०२४, गुरुवार. चतुर्थी ७ सप्टेंबरला होती, म्हणजे हातात नऊ दिवस. कोकणात रस्त्याच्या कामावर ज्याने एक तरी पावसाळा काढलाय, त्याला हे नऊ दिवस काय असतात ते सांगायला नको. जून-जुलैभर खड्ड्यांकडे कोणी ढुंकून बघत नाही आणि श्रावण सरत आला की फोन वाजायला लागतात : चाकरमानी यायच्या आत रस्ता झाला पाहिजे.

मी तेव्हा सिंधुदुर्गात एका ठेकेदाराकडे सुपरवायझर होतो. त्या दिवशी आमच्या साईटवर एका कामगाराचा हात मोडला. जीव गेला नाही म्हणून पेपरात आलं नाही, आणि कागदावर जे चढलं ते चार ओळींत आटपलं. पुढे तीन दिवसांनी मी टेप घेऊन ती जागा मोजली. तेव्हा कळलं की एक शब्द सोडला तर चार ओळींतली एकही ओळ खोटी नव्हती आणि तरीही झालं ते त्यांत कुठेच नव्हतं. रस्त्याचा क्रमांक आणि ठेकेदाराचं नाव देत नाही. त्यांच्याइतकाच मीही त्यात होतो.

जागा

कणकवलीकडून मालवणच्या बाजूला उतरणारा रस्ता. डांबराची रुंदी साडेपाच मीटर, दोन्ही बाजूंना नावापुरती साईडपट्टी. उतार चालू असतानाच डावीकडे वळण, आणि वळण काढलंय ते जांभ्याचा खडक कापून. दोन्ही बाजूंना दीड पुरुष उंचीचा जांभ्याचा कडा, वर करवंदीची जाळी, पावसात ती आणखी खाली लोंबलेली. आत शिरलं की मोबाईलची रेंज जाते. आमचे सात खड्डे वळण संपता संपता, पंचवीसेक मीटरच्या पट्ट्यात होते, आणि सगळे उतरणाऱ्या गाड्यांच्या बाजूला. पाणी आतल्या बाजूच्या गटारातून तुंबून रस्त्यावर येतं आणि चाकं नेमकी तिथेच दाबतात. त्यामुळे खड्डा वळणावरच पडतो. वळणावरच्या कामाची कटकट टाळता येत नाही, ती यामुळेच.

माणसं सहा. मुकादम, विजापूरकडचं एक जोडपं, जवळच्या वाडीतले दोघे आणि टिपरचा ड्रायव्हर. जोडप्यातल्या बाईंच्या हातात लाल झेंडी दिली होती, कारण त्या दिवशी त्यांची पाठ धरली होती आणि घमेलं उचलवत नव्हतं. झेंडीचा माणूस आमच्याकडे असाच निवडला जायचा. ज्याच्याकडून दुसरं काम होत नाही, त्याच्या हाती झेंडी.

सकाळी मी रजिस्टरवर सही केली तेव्हा रकाने असे भरलेले होते : काम चालू असल्याचा बोर्ड, एक. कोन, म्हणजे रस्त्यावर ठेवायचे शंकू, सहा. रिफ्लेक्टर जाकीट, प्रत्येकी एक. झेंडी, एक. सगळं होतं.

सव्वाचार वाजता

पाऊस रिपरिप चालू होता. वाडीतले दोघे सकाळपासून गटार उपसत होते, काढलेले दगड गटाराच्या काठावरच रचलेले. चार वाजता त्यांतला एक फावडं घेऊन पहिल्या खड्ड्यात खडी पसरायला वाकला. पाठ वळणाकडे. टिपर पट्ट्याच्या खालच्या टोकाला उभा होता, कारण ड्रायव्हरला पुढे निघायला ते सोयीचं.

खालून मालवण-कणकवली एसटी चढत आली. खालच्या टोकाला झेंडीवालं कोणीच नव्हतं, एकच झेंडी आणि ती वरच्या बाजूला. एसटी टिपरला वळसा घालून मधल्या मोकळ्या भागात शिरली. त्याच वेळी वरून मासळीचा रिकामा टेंपो उतरला. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठून महिना झाला होता, सकाळी भरून वर गेलेले टेंपो या वेळेला रिकामे परततात, आणि रिकामी गाडी ड्रायव्हरच्या हाताला हलकी लागते.

बाईंनी झेंडी हलवली. वळण सुटल्यावर टेंपोला एकदम समोर एसटी, डाव्या हाताला कोन आणि वाकलेला माणूस. त्याने ब्रेक मारला, मागची चाकं घसरली, दोन कोन उडाले, घमेलं चाकाखाली आलं. वाकलेल्या माणसाने आवाज ऐकून गटाराच्या दिशेला अंग टाकलं आणि डाव्या हातावर पडला, सकाळी स्वतःच उपसून ठेवलेल्या दगडांवर. मनगट मोडलं. टेंपो त्याच्यापासून एक हात अलीकडे थांबला. घमेल्याची भाकरी झाली होती.

टेंपोवाला पळून गेला नाही. त्यानेच त्याला उचलून पुढच्या सीटवर बसवलं आणि दवाखान्यात नेलं. वाटेत तो सारखा एकच सांगत होता : "बोर्ड बघलंय मी, पण तवसर माणसा समोरच!"

संध्याकाळी मी लिहिलं : वाहनचालक भरधाव वेगात होता. कामगारांनी जाकीट घातले होते. सूचना फलक लावलेला होता. झेंडी दाखवण्यात आली होती.

टेपने मोजलेलं

रविवारी साईट बंद होती. मित्राच्या गाडीत बसून मी वरून खाली आलो. त्या रस्त्यावर मी दोन महिने काम केलं होतं, रोज खालून चालत जायचो आणि खालूनच परत यायचो. वरून, गाडीच्या सीटवर बसून, काम कसं दिसतं हे मी एकदाही बघितलं नव्हतं. एका कामगाराला त्या पहिल्या खड्ड्याच्या जागी उभा केला, बोर्ड होता तिथेच परत ठेवला, आणि जिथून माणूस पहिल्यांदा दिसला तिथे गाडी थांबवून टेप लावला.

माणूस दिसला ३८ मीटरवरून. बोर्ड त्याच्या १५ मीटर अलीकडे होता, पण आतल्या बाजूला, कड्याला टेकवलेला. त्यामुळे बोर्ड दिसायला लागला तेव्हा माणसापासूनचं अंतर होतं ४५ मीटर. म्हणजे बोर्डाने आम्हाला मिळवून दिले सात मीटर.

आता हिशेब. धोका डोळ्याला दिसणं, हा धोका आहे हे डोक्याला कळणं आणि पाय ब्रेकवर जाणं, एवढ्याला इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकांत अडीच सेकंद धरतात. टेंपोवाला म्हणाला पन्नासने होतो. खोटं बोलत असेल असं मला वाटत नाही, त्या वळणात साठ जमत नाही. ताशी ५० म्हणजे सेकंदाला जवळपास १४ मीटर. अडीच सेकंदांत गाडी ३५ मीटर जाते, ब्रेकला हात न लावता. ३८ मधून ३५ गेले, उरले तीन. पन्नासच्या वेगात थांबायला एकूण ६० मीटर लागतात असं तीच मानकं सांगतात. चाळीसला ४५, साठला ८०, ऐंशीला १२०. हे सपाट रस्त्याचं, उतारावर त्यात भर पडते. साठच्या वेगात पाच टक्के उतार धरला तर ८० चे ८७-८८ होतात.

उलट बाजूने विचारलं तर, ३८ मीटरमध्ये थांबायचं असेल तर वेग किती हवा? ताशी ३५ च्या आसपास. त्या उतारावर ३५ ने कोण जातं? गुरं घेऊन जाणारा.

बोर्डाचे सात मीटर म्हणजे पन्नासच्या वेगात अर्धा सेकंद. आमचा बोर्ड माणसाच्या आधी अर्धा सेकंद दिसत होता. तो बोर्ड ड्रायव्हरसाठी नव्हताच, तो माझ्या रजिस्टरसाठी होता. "भरधाव" हा शब्द मी त्या रात्री मनातल्या मनात खोडला. कागदावर तो अजून आहे.

एकेक वस्तू परत बघितली

जाकीट. सगळ्यांनी घातलं होतं हे खरं. त्यावर रेनकोट होता हेही खरं. निळा, गुडघ्यापर्यंत येणारा, बाजारात मिळणारा साधा रेनकोट. पावसाळी कोकणात जाकीट रेनकोटच्या आत असतं ही गोष्ट रोज डोळ्यांसमोर असून मला दिसली नव्हती. नंतर आम्ही एक माप मोठी जाकिटं मागवली, रेनकोटच्या वरून चढतील अशी. खर्च जवळपास शून्य. आणि पट्ट्या चिखलाने माखल्या की चमकत नाहीत, म्हणून दुपारी जेवताना हात धुताना जाकीटही पुसायचं, एवढा नियम.

झेंडी. कापडाची झेंडी पावसात काठीला गुंडाळून बसते. बाई काठी हलवत होत्या, लांबून ती नुसती काठी दिसत होती. शिवाय त्या उभ्या होत्या वळणाच्या आत, दोन्हीकडे कडा, मागे कामाची माणसं. टेंपो त्यांच्या अंगावर आला असता तर त्यांना जायला जागाच नव्हती. गाड्या थांबवायला शिकवताना आम्ही त्यांना काय शिकवलं होतं? "झेंडी हिला." त्यांच्या नवऱ्याने ते कानडीत सांगितलं, एवढंच प्रशिक्षण.

टिपर. आठ-दहा टनांचं लोखंड आमच्याकडे होतं आणि ते आम्ही माणसांच्या पुढे उभं केलं होतं. तोच टिपर वरच्या बाजूला, माणसांच्या आणि येणाऱ्या गाड्यांच्या मध्ये, चाकं गटाराकडे वळवून, हँडब्रेक लावून आणि चाकाखाली दगडाची उटी लावून उभा केला असता तर चुकलेली गाडी आधी त्याला भिडली असती. ढाल होती आणि ती पाठीमागे ठेवून आम्ही लढत होतो. (टिपर ढाल म्हणून उभा केला की त्याच्या आणि माणसांच्या मध्ये मोकळी जागा ठेवायची. धडकेने तो पुढे सरकतो.)

रिव्हर्सची गोष्ट या प्रकरणात नव्हती, पण साईटवर माणूस मरतो तो दर वेळी बाहेरच्याच गाडीने नव्हे. आपला टिपर मागे येताना मागे कोण आहे हे ड्रायव्हरला दिसत नाही. त्याला एकानेच, आणि त्याला आरशात दिसेल अशाच जागी उभं राहून, हात दाखवायचा.

खालची बाजू. साडेपाच मीटरमधलं दीडेक मीटर खड्ड्याने, आणि वाकलेल्या माणसाचं अंग धरून आणखी मीटरभर गेलं, की उरतात तीन. एसटी अडीच मीटर रुंद. म्हणजे एका वेळी एकच गाडी. एका बाजूला झेंडी ठेवून दुसरी मोकळी सोडणं म्हणजे दाराला एकाच बाजूने कडी लावणं.

टाळ आणि फटाके

चौकशीत एक गोष्ट उशिरा कळली. अपघाताच्या दिवशी दुपारी वरच्या घराजवळच्या एका आजोबांनी वळणाच्या बरंच आधी, रस्त्याच्या कडेला ऐनाची टाळ, म्हणजे पाल्यासकट फांदी, आणून टाकली होती. घाटात गाडी बंद पडली की मागे हिरवी फांदी टाकतात तशी. तीन वाजेपर्यंत गाड्या टाळ बघून हळू होत होत्या. नंतर कोणाच्या तरी गाडीने ती चिरडली, पावसाने वाहून गेली, आणि सव्वाचारला टेंपो आला. आमच्या बोर्डापेक्षा त्या फांदीने जास्त काम केलं होतं, कारण ती वळणाच्या अलीकडे होती.

दुसरी गोष्ट हात मोडलेल्या गड्यानेच सांगितली. तो काही वर्षं कोकण रेल्वेवर ठेकेदाराच्या गँगमध्ये होता. रुळावर अडथळा आला तर लाल बॅनर ६०० मीटरवर आणि त्याच्याही पुढे, १२०० मीटरवर, दहा-दहा मीटर अंतराने तीन डिटोनेटर, म्हणजे इंजिनाच्या चाकाखाली फुटणारे फटाके. "थय पयलो आवाज, मग झेंडो, मग माणूस," तो म्हणाला, "हय पयलो माणूस." गाडीला आगगाडीइतकं अंतर लागत नाही, पण क्रम तोच. रस्त्यांसाठीही हा क्रम लिहून ठेवलेला आहे. इंडियन रोड्स काँग्रेसचं एसपी ५५ हे मार्गदर्शक २००१ मध्ये निघालं आणि २०१४ मध्ये सुधारलं. त्यात कामाच्या जागेचे चार भाग पाडलेत : आधी सावध करण्याचा, मग गाडी बाजूला वळवण्याचा, मग प्रत्यक्ष कामाचा, मग परत मूळ मार्गावर सोडण्याचा. आमच्या साईटवर फक्त तिसरा भाग होता.

नंतर काय बदललं

२ सप्टेंबरपासून पुढच्या पट्ट्यावर आम्ही उलटीकडून मांडायला लागलो. आधी गाडीत बसून दोन्ही दिशांनी एकेक फेरी. काम जिथून दिसेनासं होतं ती जागा चुन्याने खुणवायची. झेंडीवाला त्या खुणेच्याही वर, जिथून तो स्वतः शंभर मीटरवरून दिसेल अशा सरळ भागात. आणि बोर्ड त्याच्याही मागे, कारण एक फसगत आम्ही पहिल्याच दिवशी केली. झेंडीवाल्याने गाड्या थांबवल्या, सहा गाड्यांची रांग लागली, साठेक मीटरची, आणि रांगेचं शेपूट मागच्या वळणात गेलं. माणसं वाचली आणि शेवटच्या रिक्षाच्या मागे मोटारसायकल आपटता आपटता राहिली. थांबवलेली रांग हाच नवा अडथळा असतो. बोर्ड मोजायचा तो कामापासून नव्हे, सर्वांत लांब रांगेच्या शेपटापासून.

कापडाच्या झेंडीऐवजी प्लायवूडची गोल पाटी, एका बाजूला लाल "थांबा", दुसऱ्या बाजूला हिरवं "हळू जा". पावसात गुंडाळत नाही. दोन्ही टोकांना एकेक माणूस, आणि दोघांना एकमेकांशी बोलता येत नाही म्हणून काठीची युक्ती. दोघांत मिळून एकच लाल काठी : ज्या बाजूला काठी, त्याच बाजूने गाड्या सोडायच्या, आणि शेवटच्या गाडीवाल्याकडे काठी देऊन पलीकडे पाठवायची. पहिल्याच दिवशी एका पर्यटकाने काठी मालवणपर्यंत नेली. त्याला वाटलं टोल भरल्याची काहीतरी खूण असेल. मग दोन वॉकीटॉकी आणले, तरी काठी गाडीत ठेवलेली असते, कारण चार्जिंग विसरायचा दिवस येतोच.

कोनांत वाळूची पिशवी घातली. नाहीतर डंपरच्या वाऱ्याने ते आडवे होतात आणि माणसं त्यांच्या जागी दगड लावतात. हे दगड संध्याकाळी कोणी उचलत नाही आणि रात्री मोटारसायकलवाला त्यांवर पडतो. दगडांवर सरळ बंदी घातली.

आणि संध्याकाळी काम थांबलं की बोर्ड झाकायचा किंवा उचलायचा. यावर मुकादमाचं आणि माझं भांडण झालं, त्याला ती फुकटची उठाठेव वाटायची. पण मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे. दर गणपतीला मुंबईहून येणारा ड्रायव्हर दहा-बारा वर्षं "काम चालू आहे" वाचत आलाय, बहुतेक वेळा तिथे कोणी नसताना. तो बोर्ड त्याच्या डोळ्याला आता झाडासारखा झालाय. बोर्ड निकामी केला तो आम्हीच.

पैसे

ठेकेदाराचं म्हणणं साधं होतं : दोन माणसं नुसती उभी. रोजचे बाराशे रुपये. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या स्पेसिफिकेशनमधलं कलम ११२ कामाच्या वेळी वाहतुकीच्या व्यवस्थेबद्दल आहे, आणि तिथे ही व्यवस्था कामाचाच भाग धरलेली आहे, ठेकेदाराच्या दरात समाविष्ट. आमच्या लहान कामाच्या अंदाजपत्रकातही तिच्यासाठी वेगळा आयटम नव्हता. जी गोष्ट दरात "समाविष्ट" असते ती कमी केली की थेट नफ्यात जाते, हे सांगायला अभियंता लागत नाही. माझं मत विचाराल तर झेंडीवाल्याचे दिवस वेगळा आयटम म्हणून मोजून द्यावेत. मग ठेकेदारच दोनाऐवजी चार उभे करील.

मी त्याला मोटार वाहन कायद्याचं कलम १९८ क दाखवलं, २०१९ च्या दुरुस्तीत आलेलं, इंग्रजीत ते १९८ ए. रस्ता बांधणं आणि देखभाल यांची ठरवून दिलेली मानकं पाळली नाहीत आणि त्यामुळे कोणी मेलं किंवा अपंग झालं, तर ठेकेदारालाही एक लाखापर्यंत दंड. कलमाने तो फारसा हलला नाही. हलला तो मनगटाच्या बिलाने, आणि चतुर्थीच्या तोंडावर दीड दिवस काम बंद राहिलं त्याने.

जखमी गड्याचं सांगायचं तर उपचाराचा खर्च आणि प्लास्टरच्या दिवसांतली काही मजुरी मिळाली. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे त्याची नोंदणी नव्हती. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, त्याने दीडशेच्या वर भरले होते, चार वेगवेगळ्या ठेकेदारांकडे, आणि दाखला एकानेही दिला नव्हता. तो आम्ही नंतर काढून दिला. टेंपोवाला पळाला असता तर मार्ग वेगळा, २०२२ च्या योजनेप्रमाणे अज्ञात वाहनाच्या धडकेत गंभीर जखमीला ५० हजार आणि मृत्यू झाल्यास वारसांना दोन लाख.

दिवाळीनंतर तो परत कामावर आला. मनगट पूर्ण वळत नव्हतं, फावडं जमेना. मी त्याला वरच्या टोकाला पाटी घेऊन उभं राहायला सांगितलं तेव्हा थोडा बिचकलो, ज्याच्याकडून दुसरं होत नाही त्याला झेंडी, हाच तो जुना हिशेब की काय. तो काही बोलला नाही. चुन्याच्या खुणेपाशी गेला, रस्त्याकडे बघितलं, मग मागे वळून करवंदीच्या जाळीकडे.

"पळूचा खय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याने गाडीतून कोयता आणला, उजव्या हाताने जाळी तोडून मागे चार पावलांची वाट काढली, एकदा उलटा चालून बघितली. मग पाटी घेतली.